हातघडणीची झरणी आणि तिचे टोपण

व्यापाऱ्याच्या गादीवर तराजू, माप आणि वही या तिन्हींचा मान मोठा. परंतु या तिघांचा व्यवहार ज्या साधनाने कागदावर उतरतो, त्या लेखणीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बोरू गेला, टाक-दौत गेली, झरणी आली. पुढे बॉलपेनने तिलाही मागे सारले, आणि आता तर पेढीवरची बिले संगणकच छापून देतो. तरीही दिवाळीच्या वहीपूजनाची पहिली अक्षरे हातानेच काढावी लागतात आणि धनादेशावर सहीही हातानेच करावी लागते. यास्तव हाताने घडविलेल्या झरणीविषयी, आणि विशेषेकरून आट्यांवाचून केवळ घर्षणाने बसणाऱ्या तिच्या टोपणाविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

न्यूयॉर्कच्या वॉटरमन यांनी १८८४ साली आपल्या झरणीचे पेटंट घेतले. शाई खाली उतरत असता तितकीच हवा वर जावी, यासाठी निबेखालच्या जिभेत बारीक चरे पाडणे हे त्यातील मर्म होते. त्या आरंभीच्या काळातील टोपणे बहुधा नुसती दाबून बसवावयाची असत. आट्यांची टोपणे पुढे रूढ झाली. १९४१ साली आलेल्या ‘पार्कर ५१’ या प्रसिद्ध पेनने मात्र आटे सोडून पुन्हा सरकते टोपण स्वीकारले व त्याच्या पकडीसाठी आत धातूची लवचीक कडी घातली. आपल्या देशात आंध्रातील राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी झरण्या घडविल्या, आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहून त्यांच्या पेनाविषयी समाधान व्यक्त केले. राजमहेंद्रीची ती परंपरा एबोनाइटचे दांडे लेथवर हाताने कातण्याची आहे. तात्पर्य, उत्तम झरणीसाठी मोठा कारखाना लागतोच असे नाही; लेथ, धारदार पटाशी आणि सरावलेला हात एवढे भांडवल पुरते.

हे भांडवल आपल्या पेडणे-डिचोलीच्या परिसरास परके नाही. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडी संस्थानाकडे होता, आणि सावंतवाडीची लाकूड कातून रंगविलेली खेळणी व फळे सर्वश्रुत आहेत. डिचोली तालुक्यात कासारपाल नावाचे गाव आहे. त्याच्या नावातच पितळ-तांब्याचे काम करणाऱ्यांची आठवण आहे. लाकूड कातणारा कातारी आणि धातूचे कडे घडविणारा कासार, दोघांचीही विद्या झरणीस उपयोगी पडते.

आता टोपण आट्यांचे की घर्षणाचे, हा प्रश्न. दुकानदाराच्या दृष्टीने त्याचे उत्तर सोपे आहे. गिऱ्हाईक समोर उभे, हमाल पोत्यांची संख्या सांगत आहे, अशा वेळी तीन-चार वेढे फिरवून पेन उघडण्यास सवड कोणास? घर्षणाचे टोपण एका ओढीने निघते व एका दाबाने बसते. कारागिराच्या दृष्टीनेही त्यात सोय आहे, कारण बारीक आटे पाडण्यास निराळी हत्यारे लागतात आणि गावच्या कातारीकडे ती बहुधा नसतात. मात्र आट्यांत थोडी ढिलाई खपते. घर्षणाच्या टोपणात मुळीच खपत नाही. घट्ट झाले तर तोंड चिरते, सैल राहिले तर खिशात निसटते आणि पांढऱ्या सदऱ्यावर शाईचा नकाशा उमटतो. या टोपणाचे सारे यश मापाच्या खरेपणात आहे, आणि मापाचा खरेपणा म्हणजे काय हे आपल्या सभासदांस सांगावयास नको.

दोन वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एका वृद्ध कातारीकडून आम्ही अशी झरणी करवून घेतली. लाटणी, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब हे त्यांचे नित्याचे काम. त्यांनी प्रथम जुन्या शिसवीचे टोपण कातून पाहिले. चैत्रात ते इतके सुरेख बसले की पाहणाऱ्याने वाखाणावे. पण श्रावणात ते निघेना, आणि फाल्गुनात नुसता हात लागताच गळून पडू लागले. कारण उघड आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. त्यातही ते सर्व बाजूंनी सारखे हलत नाही: वर्षवलयांच्या दिशेने होणारा बदल हा गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणून अचूक गोल कातलेले भोक ऋतू पालटताच किंचित लंबगोल होते. धान्याच्या गोदामात ओल काय करते हे आपण जाणतोच. लाकडी टोपणातही तीच लीला चालते.

यावर उपाय एबोनाइटचा. रबरात सुमारे शेकडा ३० गंधक मिसळून ते दीर्घकाळ शिजविले म्हणजे हा काळा, कठीण पदार्थ तयार होतो. १८५१ साली अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी त्याचे पेटंट घेतले होते. तो ओल जवळजवळ शोषत नाही, शाईने झिजत नाही आणि हातास उबदार लागतो. उन्हात ठेवल्यास त्याचा रंग मात्र तपकिरी पडतो. आपल्या समाजास त्याचे आणखी एक महत्त्व आहे. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही दोन्ही येतात. हस्तिदंताचा दांडा तर नकोच. पण शोभेसाठी लाखेचा लेप द्यावा, की रबरी नळी लाखेने चिकटवावी, हाही विचार पडतो. एबोनाइट झाडाच्या चिकापासून झालेले; त्यास लेप लागत नाही, नुसत्या घासणीने ते चकाकते. आणि दांड्यातच थेट शाई भरण्याची रचना ठेवली तर आत नळीही लागत नाही.

आता घडणीचा क्रम. प्रथम टोपणाचे भोक पाडून ते आतून साफ करावे, आणि मग दांडा त्याच्या मापाने उतरवीत न्यावा. कारण बाहेरून केसभर काढणे सोपे, आतून कठीण. दांड्याच्या ज्या भागावर टोपण बसावयाचे त्यास अगदी मंद उतार द्यावा. उतार फार कमी झाला तर टोपण पाचरीप्रमाणे अडकते, फार अधिक झाला तर धरतच नाही. आमचे कातारी यासाठी काजळाची युक्ती करीत. दांड्यास काजळाचे बोट फिरवून टोपण बसवावयाचे आणि काढून पाहावयाचे. जेथे काजळ पुसले तेथेच दोन्ही अंगे टेकतात. एकाच रेषेवर पुसले तर पकड फसवी. सबंध कड्याभर सारखे पुसले तर पकड खरी. शेवटचा फरक मिलिमीटरच्या पंधराव्या भागाएवढा, म्हणजे केसाच्या जाडीचा असतो. तेथे पटाशी ठेवून पॉलिश पेपर आणि पाणी घ्यावे लागते.

टोपण झटक्याने ओढले की आतील हवा विरळ होते आणि निबेतून शाई बाहेर खेचली जाते. म्हणून टोपणाच्या अंगास एक बारीक छिद्र हवे. पण हवा सदैव खेळली तर निब सुकते. यासाठी टोपणात आणखी एक लहान टोपण बसवितात. ते मुठीच्या कडेवर टेकून निबेपुरती कोठडी बंद करते, आणि छिद्र त्या कोठडीबाहेर राहते. टोपणाच्या तोंडावरचे पितळी कडे पुष्कळांस अलंकार वाटते. वस्तुतः ते राखणदार आहे: दररोज दाब सोसणारे तोंड चिरू नये म्हणून ते घातलेले असते. आमच्या झरणीचे कडे डिचोलीच्या बाजारातील एका कारागिराने जुन्या समईच्या पितळेतून काढून दिले.

ज्यांच्याकडे अशी झरणी असेल त्यांनी एवढे पाळावे. शाई एकतृतीयांश उरली की भरून घ्यावी. कारण हाताच्या उबेने दांड्यातील हवा पसरते आणि हवा जितकी अधिक तितका थेंब गळण्याचा संभव अधिक. टोपण सरळ रेषेत काढावे, पिळू नये. धुण्यास थंड पाणी घ्यावे. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग जातो व आकारही बिघडू शकतो.

बाजारातील स्वस्त पेनाशी या वस्तूची किंमतीत तुलना होणार नाही, आणि ती करूही नये. शाई संपताच फेकून द्यावयाचे पेन आणि बापाने मुलास द्यावयाची झरणी या निरनिराळ्या जिनसा आहेत. आम्हांस चिंता आहे ती निराळी. आमचे कातारी सत्तरीचे आहेत. त्यांच्या मुलास हे काम येते, परंतु महिन्यातून चार लाटण्यांच्या मागणीवर संसार चालत नाही, म्हणून तो आता खाणीच्या ट्रकवर बसावे की लेथवर, या विचारात आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके वाटतो आणि ती बहुधा बाहेरून मागविलेली असतात. त्याऐवजी पाच-पंचवीस झरण्यांची मागणी येथील कातारी-कासारांकडे आगाऊ रक्कम देऊन नोंदविली, तर मुलांस जन्मभराचे लेखन-साधन मिळेल आणि एका घराचा लेथ बंद पडणार नाही. आमच्यापुरती दहा झरण्यांची रक्कम आम्ही या दिवाळीपूर्वी कारागिराच्या हाती देऊन ठेविली आहे. सभासदांनी आपापली संख्या संघाच्या कार्यालयात कळवावी, इतकीच विनंती.