पॅलेस थिएटरचे दगड उभे आहेत

कोल्हापुरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘पॅलेस थिएटर’च येतं. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव नंतरचं. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागूनच 1915 मध्ये हे थिएटर उभं राहिलं. कुस्ती आणि नाटक या शहराच्या दोन्ही वेडांना महाराजांनी एकाच आवारात जागा दिली. शाहूंचं बाकीचं कर्तृत्व इथे नव्याने सांगायला नको.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री थिएटरला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळलं, रंगमंच जळाला. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसं रडली.

केशवराव कोल्हापूरचे, जन्म 1890 चा. लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ नाटकातली शारदा म्हणून गाजले. अठरावं वर्ष सरायच्या आत, 1908 मध्ये, हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. जुलै 1921 मध्ये मुंबईत बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि त्याच ऑक्टोबरात ते गेले. वय अवघं 31.

मला मात्र या सगळ्यात ओढ लागली ती बाबूराव पेंटरांची. तेही कोल्हापूरचेच आणि जन्मही 1890 चाच. सिनेमाकडे वळण्याआधी ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर. नट येण्याआधी प्रेक्षक पडद्याला दाद देत, असा तो काळ. 1917 मध्ये बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, त्याआधी त्यांचा हात तयार झाला होता तो या पडद्यांवर. कोल्हापूरच्या सिनेमाचं मूळ नाटकाच्या पडद्यामागे आहे, हे शहराने मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हवं होतं.

जळालेल्या थिएटरजवळच्या चहाच्या गाडीवर पडद्यामागचेच एक रंगमंच कामगार भेटले. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत एका नाटकाचा सेट उतरवून दुसऱ्याचा चढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी म्हटलं, “मामा, नवीन थिएटर कसं व्हायला पाहिजे?” चहा बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हात पसरले. “ताई, खुर्च्या कसल्याबी बसवा. पर विंगेत येवढी जागा सोडा. फ्लॅट आडवा करून न्यायला लागतोय. आणि टेम्पो मागं लागला पाहिजे, न्हाईतर पलंग, दार, कमान सगळं डोक्यावरनं आणायचं.” मग विंगेतून रंगपटाकडे अंधारात कसं वळायचं ते त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं. त्यांच्या पायांना ती वाट पाठ आहे.

पुनर्बांधणीच्या चर्चेत निधीचे आकडे येतात, वातानुकूलन येतं, दर्शनी कमान येते. आग लागायच्या आधीही नूतनीकरणं झाली, तेव्हाही बोलणं आसनांचं आणि रोषणाईचंच जास्त झालं. दगडी भिंती जपल्या जातील, जपायलाच हव्यात. पण आराखडा घेऊन बसणाऱ्यांनी पडदा ओढणाऱ्या, ठोकळे उचलणाऱ्या, दिव्यांचे खांब चढणाऱ्या चार-पाच जणांना एक दिवस बोलावून त्यांच्यासमोर नकाशा पसरावा. विंगेची रुंदी त्यांच्याकडूनच घ्यावी.