काचेपलीकडचा साक्षीदार

हेगचे न्यायालय म्हटले की आपल्याला कुलभूषण जाधवांचा २०१९ चा खटला आठवतो. पण ते न्यायालय निराळे. तेथे देश देशावर फिर्याद करतो. माणसाला आरोपी म्हणून बसवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्याच शहरात, वाळूच्या टेकड्यांलगत आहे. १९९८ च्या रोम येथील कराराने ते जन्मले, २००२ पासून अंमलात आले. वंशसंहार आणि युद्धगुन्हे यांसारख्या घोर अपराधांचाच येथे न्याय होतो. भारत त्याचा सभासद नाही.

आत जायला तिकीट नाही. ओळखपत्र दाखवावे, झडती द्यावी आणि सज्जात जाऊन बसावे. समोर जाड काच. कानाला यंत्र लावले की दुभाष्याचा आवाज ऐकू येतो. साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल तर त्याचा चेहरा झाकतात, आवाजही बदलतात. सिनेमातले कोर्ट पाहायला जाल, तर मात्र तासाभरात जांभया देऊ लागाल!

पण या न्यायालयाचा पहिलाच खटला पाहा. काँगोतल्या इतुरी प्रांतातला बंडखोर पुढारी थॉमस लुबांगा. पंधरा वर्षांखालील पोरांना फौजेत ओढून त्यांना लढायला लावले, हा आरोप. जानेवारी २००९ मध्ये पहिला साक्षीदार आला, एकेकाळचा बालसैनिक. शाळेतून परतताना शिपायांनी आपल्याला धरून नेले, असे त्याने सांगितले. लुबांगा समोरच बसला होता. दुपारी पोराने जबानी फिरवली. म्हणाला, मला हे पढवले होते! दोन आठवड्यांनी त्याला आरोपीच्या नजरेआड बसवले, तेव्हा तो पुन्हा पहिली हकिगत सांगू लागला.

न्यायाधीशांनी काय करावे? त्यांनी ती साक्ष बाजूला ठेवली. बालसैनिक म्हणून आलेल्या इतर मुलांच्या साक्षीही ठेवल्या, आणि पुराव्याचे काम मध्यस्थांवर सोपवल्याबद्दल सरकार पक्षाला खडसावले. मग उरले काय? इतर साक्षी, आणि २००३ साली छावणीत घेतलेली फिल्म. लुबांगा भाषण करतो आहे, समोर पोरे उभी आहेत. वय डोळ्यांना दिसते. १४ मार्च २०१२ रोजी तो दोषी ठरला. शिक्षा चौदा वर्षे. त्या पोरांना दूर सारणे मनाला लागते खरे. पण तोच पुरावा धरला असता, तर तो निकाल मी मानला नसता.

२०१७ मध्ये नुकसानभरपाई ठरली, एक कोटी डॉलर. लुबांगाजवळ दमडी नव्हती, तेव्हा पैसा उभा करण्याचे काम पीडितांसाठीच्या निधीकडे आले. २०२० मध्ये लुबांगा शिक्षा भोगून सुटला.