हाडातली चरबी आणि रक्ताचा कर्करोग

रक्तपेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतात. जन्मतः ही मज्जा जवळजवळ सगळी लाल असते. वय वाढते तशा तिच्यात चरबीच्या पेशी साठत जातात आणि प्रौढपणी तिचा मोठा हिस्सा त्याच व्यापतात. उपासमारीत अंगावरची चरबी झडते. मज्जेतली मात्र उलट वाढते. तरीही या पेशी म्हणजे नुसता भराव, असे बराच काळ मानले गेले. ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासाने तो समज मोडीत काढला.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात कर्कपेशींना भराभर विभाजन करायला भरपूर ऊर्जा लागते. इंग्लंडमधील नॉर्विचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की या पेशी शेजारच्या चरबीच्या पेशींना साठा फोडायला लावतात. सुटलेली मेदाम्ले एका वाहक प्रथिनामार्फत कर्कपेशींत पोहोचतात आणि तिथे इंधन म्हणून जाळली जातात.

उपचारांतला अडथळा अधिक गंभीर आहे. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनवता येत नाही. अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध रक्तातले अ‍ॅस्परॅजिन नष्ट करते, ग्लुटामिनही काही प्रमाणात तोडते, आणि या पेशींची उपासमार होते. चरबीच्या पेशी नेमके इथेच ग्लुटामिन पुरवून त्यांना जगवतात. डॉनोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाची गत वेगळी: ते चरबीच्या पेशी स्वतःच शोषून घेतात आणि त्याचे कमी घातक रूपात रूपांतर करतात. कर्कपेशींच्या वाट्याला येणारा डोस त्यामुळे घटतो. लठ्ठ रुग्णांमध्ये उपचारांचा परिणाम कमी का दिसतो, याचे काही उत्तर यात मिळते.

मग ही चरबी नष्टच का करू नये? कारण केमोथेरपीनंतर उद्ध्वस्त झालेल्या मज्जेत रक्तनिर्मिती पुन्हा सुरू व्हायला, उंदरांवरील प्रयोगांनुसार, याच पेशींतून स्रवणारा एक घटक मदत करतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तर मायलॉइड ल्युकेमियामुळे मज्जेतल्या चरबीच्या पेशींची हानी होते आणि तांबड्या पेशींची निर्मिती मंदावते, असे आढळले. चरबीच्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे औषध प्रयोगात वापरल्यावर निरोगी रक्तनिर्मिती सुधारली, कर्कपेशींची वाढ रोखली गेली. त्यामुळे चरबीला सरसकट शत्रू ठरवणे चुकीचे आहे.

मग अंगावरची चरबी आटोक्यात ठेवून उपचारांना मदत होते का? अमेरिकेत १० ते २१ वर्षे वयाच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या रुग्णांना सुरुवातीच्या केमोथेरपीसोबत किमान १० टक्के कमी उष्मांकाचा आहार आणि व्यायाम देऊन पाहण्यात आला. उपचारांच्या या टप्प्याअखेर शरीरात कर्कपेशी शिल्लक राहण्याची शक्यता असा आहार-व्यायाम न मिळालेल्या आधीच्या रुग्णांच्या तुलनेत कमी दिसली. हा आहार आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होता. रुग्णाने किंवा घरच्यांनी आपल्या मनाने जेवण तोडू नये, आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.