धुण्यात टिकणारा छाप

सोलापुरी चादरीची नक्षी धुण्यात उतरत नाही, कारण ती मुळात छापलेली नसते. आधी रंगवलेलं सूत जॅकार्डच्या मागावर विणलं जातं आणि त्यातूनच नक्षी उमटते. याच शहरात शिवल्या जाणाऱ्या गणवेशावर पिगमेंटने बोधचिन्ह छापलं, तर मात्र गोष्ट वेगळी असते. पिगमेंटचा कण सुताशी जोडला जात नाही. त्याला धरून ठेवतो तो बाइंडरचा पातळ पापुद्रा. लवचिक, न तडकणारा छाप हवा असेल तर त्यासाठी पॉलियुरेथेन उत्तम.

ऑटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत शोधलेलं हे बहुवारिक पाण्यात मिसळत नाही. ते विरघळवायला डायमिथाइलफॉर्मामाइड वापरतात, पण त्याची वाफ कामगाराच्या यकृताला घातक. म्हणून पाण्यावर आधारित प्रकार मला महत्त्वाचा वाटतो. त्यात रेणूंच्या साखळीवर कार्बोक्सिल गट बसवून ते अमाइनने उदासीन करतात, तेव्हा ते विद्युतभारित होतात. मग पॉलियुरेथेनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात.

अडचण इथेच आहे. पापुद्रा वाळला तरी हे पाण्याची ओढ असलेले गट त्यात उरतात. धुण्याची पावडर अल्कधर्मी असल्याने ते पुन्हा विद्युतभारित होतात, पाणी आत शिरतं, पापुद्रा फुगतो आणि रंग सुटतो.

मागावर नुसता ताणा भरला आणि बाणा टाकलाच नाही, तर कापड होत नाही. सुट्या साखळ्यांचंही तसंच. त्यांच्यात आडवे रासायनिक बंध घालणं म्हणजे क्रॉसलिंकिंग. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो कार्बोडायइमाइडचा मार्ग, कारण ते त्या कार्बोक्सिल गटांनाच पकडून बांधतं. दुसरा मार्ग ‘ब्लॉक्ड’, म्हणजे तात्पुरतं निष्क्रिय केलेल्या आयसोसायनेटचा. ते डब्यात शांत राहतं, पण जागं व्हायला साधारण 120 ते 160 अंश उष्णता मागतं. म्हणजे भट्टी आणि इंधन आलं. तिसरा मार्ग कीटो-हायड्रॅझाइड जोडीचा. ती पाणी उडून गेल्यावर साध्या तापमानालाच जुळते. छोट्या छपाई कारखान्यांनी आधी हीच आजमावावी.

बंध जास्त झाले तर छाप कडक होतो आणि घडीवर तडकतो. प्रमाण जमलंय का, हे पाहायला पापुद्र्याचा तुकडा वजन करून तीव्र द्रावकात ठेवतात. बंध नसतील तर तो विरघळतो. असतील तर फक्त फुगतो. वाळवून पुन्हा वजन केलं की किती भाग बांधला गेला ते कळतं. कापडावर मात्र धुलाई आणि पांढऱ्या फडक्याची घासणी, दोन्ही चाचण्या करायलाच हव्यात.