शिलकीचा अर्थसंकल्प आणि गोखले

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यात मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उभे राहिले, तेव्हा सरकारच्या तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती. सरकारला ती सुबत्तेची खूण वाटत होती. गोखल्यांनी तिला जादा करवसुलीचा पुरावा ठरवले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. रुपया घसरल्याने विलायतेला पाठवायच्या रकमेचा बोजा वाढला, म्हणून कर वाढवले. 1888 मध्ये मिठावरचा कर मणामागे दोनाचा अडीच रुपये झाला. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला, कर मात्र तसेच राहिले. शिल्लक साठली ती दुष्काळाने पिचलेल्या रयतेच्या मिठातून.

यावर कोणी म्हणेल, अर्थसंकल्पावर मतदानाचा हक्कच नसलेल्या सभेतल्या भाषणाने काय साधणार? 1892 च्या कायदेमंडळविषयक कायद्याने चर्चेपुरतीच मुभा दिली होती, हे खरेच. शिवाय पुढे झालेल्या करकपातीचे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे भाबडेपणाचे ठरेल; शिल्लकच इतकी होती की कपात टाळणे अवघड झाले होते. पण त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले, आणि ते खोडून काढणे सोपे नव्हते. 1903 मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला, 1907 मध्ये एक रुपयावर.