हाकेच्या अंतरावर

ऑक्टोबर छाटणीनंतर ओझर-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणी सुरू होते. अशाच एका बागेतून आलेला माणूस नाशिकच्या एका रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत दाखल झाला, तेव्हा मी तिथेच होते. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इमर्जन्सी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट पुढे झाली. तिच्या मॅडम भिंतीशी उभ्या राहिल्या. आज त्या रुग्ण सांभाळताना तिलाही पाहणार होत्या.

"सिस्टर, आधी ग्लोव्हज. मामा, यांचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा." घसा सक्शनने साफ झाला, ऑक्सिजन लागला, फवारणीच्या विषावरचं ॲट्रोपिन गेलं. मग दर पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप छातीवर आणि गरजेप्रमाणे मात्रा दुप्पट. नाडी १२० वर गेली तशी मॅडमनी विचारलं, "आता थांबायचं?"

"नाही मॅडम. दोन्ही बाजूंना खाली अजून बुडबुड ऐकू येतेय."

नवशिका इथेच फसतो. नाडी धावू लागली, बाहुल्या मोठ्या झाल्या की हात आखडतो. पण फुप्फुसात पाणी साचलेलं असेल तर रुग्ण त्यानेच दगावतो. छाती कोरडी होईपर्यंत औषध चालू ठेवावं लागतं. उलट ते जास्त झालं तर ताप चढतो, माणूस बरळू लागतो. या दोन्हींमधली रेघ ओळखता येते का, हे लेखी पेपरात पुरतं कळत नाही.

रुग्ण स्थिरावल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "कामं नाव घेऊन वाटलीस, छान. पण फवारणीच्या औषधाची बाटली आणलीय का, हे नातेवाइकांना उशिरा विचारलंस." मग दोघींनी मूल्यमापनाच्या फॉर्मवर सह्या केल्या. प्रत्यक्ष रुग्णाजवळ थोडा वेळ पाहायचं आणि लगेच बोलायचं, ही मिनी-सीईएक्सची पद्धत अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली. नेदरलँड्सच्या ओले टेन केट यांनी २००५ मध्ये त्यापुढचा प्रश्न विचारला: हे काम या डॉक्टरवर किती सोपवता येईल? त्याच्या पायऱ्या पाच. नुसतं पाहणं, वरिष्ठ शेजारी असताना करणं, ते हाकेच्या अंतरावर असताना करणं, एकट्याने करणं, आणि शेवटी धाकट्यांकडून करून घेणं.

भारतात इमर्जन्सी मेडिसिनच्या एम.डी.ला २००९ मध्ये मान्यता मिळाली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. अभिमत विद्यापीठं सोडली तर महाराष्ट्रात परीक्षा घेतं ते नाशिकचंच आरोग्य विज्ञान विद्यापीठ. लॉगबुकात श्वासनलिकेत किती नळ्या घातल्या याची नोंद असते, पण त्या कधी घालायच्या नाहीत हे कळलं का, ते शेजारी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. एकदा पाहूनही भागत नाही. वेगळे रुग्ण, वेगळे शिक्षक, दिवसाची आणि रात्रीचीही पाळी लागते. गर्दीच्या कॅज्युअल्टीत शिक्षकाला यासाठी वेळ काढणं अवघड जातं. म्हणूनच हे पाहणं ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेलं काम असायला हवं, उरल्या वेळात उरकायचं नव्हे. ही मुलगी पास होऊन एखाद्या तालुक्याच्या गावी रात्रपाळीला एकटी असेल, तेव्हा मागे मॅडम नसतील.