मोबाईलचें इंटरनेट आणि बागेचीं छायाचित्रें

सातपुरास आज शेतीचें गांव म्हटलें तर ऐकणारा हंसेल. १९८२ सालीं स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेंत हें गांव गेलें, आणि आतां तें कारखान्यांसाठींच ओळखलें जातें. तथापि येथें बिऱ्हाड ठेवून दिंडोरीकडे अगर गिरणाऱ्याकडे द्राक्षबाग सांभाळणारीं कुटुंबें आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं संगणक असतो, पण इंटरनेट मात्र मोबाईलवरूनच घ्यावें लागतें.

आमच्या शेजारच्या एका बागाईतदारांच्या बागेवर ऐन मार्चांत गारा पडल्या. फुटलेले मणी व मोडलेल्या काड्या यांचीं साठ छायाचित्रें त्यांनीं त्याच दिवशीं घेतलीं. रात्रीं संगणकावरून अर्ज भरावयाचा होता. मोबाईल केबलनें जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करतांच इंटरनेट आलें, पण छायाचित्रांचा कप्पा संगणकावरून नाहींसा झाला. ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलें तों कप्पा आला आणि इंटरनेट गेलें! अखेर कंटाळून त्यांनीं चित्रें संदेशाच्या एका ॲपवरून स्वतःसच पाठविलीं व संगणकावर उतरवून घेतलीं. पुढें तपासणीस आलेल्या गृहस्थांनीं विचारलें, हीं चित्रें कोणत्या दिवसाचीं, कोणत्या गटाचीं? फाइलींत उत्तर नव्हतें. मूळ चित्रें तर चिरंजीवांनीं जागा करण्यासाठीं पुसून टाकलेलीं!

कॅमेऱ्यानें घेतलेल्या चित्राच्या पोटांत वेळ नोंदलेली असते, व स्थळनोंदीची सोय चालू असल्यास जागाहि असते. संदेशाबरोबर साधें चित्र म्हणून पाठवितांना तें आकुंचित होतें आणि या नोंदी बहुधा गळतात. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ फाइल तशीच जाते, हें खरें; परंतु चार एमबीचें एक याप्रमाणें साठ चित्रें वर चढवून पुन्हा खालीं उतरविण्यांत सुमारें ४८० एमबी डेटा खर्ची पडतो. केबलनें नेल्यास कांहींच खर्च नाहीं.

बहुतेक अँड्रॉइड मोबाईल केबलवर या दोहोंपैकीं एकच काम पत्करतात, हें अडचणीचें मूळ. म्हणून दोन कामांस दोन वाटा द्याव्या: इंटरनेट वायफाय हॉटस्पॉटनें घ्यावें, केबल फाइलींस मोकळी ठेवावी. हॉटस्पॉट बॅटरी फार खातो, पण केबल जोडलेली असल्यानें मोबाईल चार्जहि होत राहतो. जुन्या संगणकांत वायफाय नसेल, तर आधीं ‘फाइल ट्रान्सफर’नें चित्रें उतरवावीं व मागाहून टेदरिंग चालू करून अर्ज पाठवावा. एवढा साधा क्रम त्या रात्रीं आम्हां कोणासच सुचला नाहीं.

मोबाईलचें कुलूप उघडलेलें नसेल तर कप्पा रिकामा दिसतो, घाबरूं नये. कांहीं केबली निव्वळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जात नाहीं. चित्रें ‘कट’ न करतां ‘कॉपी’ करावीं. मध्येंच केबल निघाली तरी मूळ शाबूत राहतें.

एक गोष्ट राहिली. हॉटस्पॉट मिळतांच विंडोज स्वतःचीं अद्यतनें ओढूं लागतें आणि दिवसाचा डेटा तासाभरांत संपूं शकतो. वायफायच्या सेटिंगांत त्या जोडणीपुढें ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलें, म्हणजे बहुतेक ओढाताण थांबते.